माग आपला, भाव दुसऱ्याचा : नोकरी आणि स्वयंरोजगार यांचा तौलनिक विचार

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपण सर्वांनी शाळेत निबंधाच्या वहीत लिहिलेली आहे. आज लग्न जुळवताना मात्र हा क्रम बरोबर उलटा लावला जातो. मुलगा नोकरीत आहे का, हे आधी विचारतात. दुकान आहे का, हे नंतर. आणि शेतीचा विषय शक्यतो कोणी काढत नाही. म्हण खोटी की माणसे खोटी? की दोन्ही आपापल्या काळापुरती खरी?

वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षात पाऊल टाकले की हा प्रश्न म्हणीपुरता राहत नाही. पदवी हातात पडल्यावर अर्ज लिहायचे की घरचा धंदा पुढे चालवायचा, याचे उत्तर आपल्यापैकी प्रत्येकाला वर्ष-दोन वर्षांत द्यायचे आहे. वक्तृत्व स्पर्धेत या विषयावर दोन ठरावीक भाषणे होतात. एक वक्ता म्हणतो, नोकरी म्हणजे गुलामगिरी. दुसरा म्हणतो, धंदा म्हणजे जुगार. टाळ्या दोघांनाही मिळतात. परंतु आपण वाणिज्याचे विद्यार्थी आहोत. टाळ्यांपेक्षा ताळेबंद आपल्याला जवळचा असला पाहिजे. म्हणून हा प्रश्न भाषणाच्या नव्हे, हिशोबाच्या पद्धतीने मांडण्याचा प्रयत्न येथे केला आहे, आणि उदाहरणे शक्यतो आपल्याच मुलखातील घेतली आहेत.

शब्दांचा घोळ

आपल्या सीमाभागात या विषयाची सुरुवात शब्दांपासूनच करावी लागते. मराठीत ‘उद्योग’ म्हटले की कारखाना, धंदा, कामकाज असे काही तरी डोळ्यांपुढे येते. कन्नडमध्ये तोच शब्द सर्रास नोकरीसाठी वापरतात. मराठीत ‘निरुद्योगी’ म्हणजे रिकामटेकडा, उद्योग न करणारा. कन्नडमध्ये ‘निरुद्योगी’ म्हणजे बेकार, ज्याला काम मिळालेले नाही असा. पहिल्या शब्दात दोष माणसाचा आहे, दुसऱ्यात परिस्थितीचा. एकाच बाकावर बसलेल्या दोन मित्रांपैकी एकाने ‘मला उद्योग पाहिजे’ असे म्हटले, तर दुसऱ्याला तो भांडवल शोधतो आहे असे वाटावे आणि पहिला मात्र नोकरी शोधत असावा, असा हा घोटाळा आहे.

सरकारी आकडेवारीतही शब्दांचा असाच घोळ आहे. फक्त तो लवकर लक्षात येत नाही. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षात देशातील काम करणाऱ्या लोकांपैकी ५८.४ टक्के लोक स्वयंरोजगारी होते. नियमित पगारावर २१.७ टक्के आणि रोजंदारीवर १९.८ टक्के. हा आकडा वरवर पाहिला तर हा देश मालकांचा आहे असे वाटेल. पण या ५८.४ टक्क्यांत १९.४ टक्के लोक असे आहेत की, जे घरच्या धंद्यात मदत करतात आणि ज्यांना त्याबद्दल एक पैसाही मिळत नाही. म्हणजे ‘स्वयंरोजगारी’ म्हणून मोजलेल्या दर तीन माणसांपैकी एक माणूस बिनपगारी आहे. तेव्हा नाव काय आहे यावर न जाता नावाखाली काय आहे ते पाहिले पाहिजे.

शहापूरचा माग

यासाठी शहापूरइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. शहापूर आज बेळगाव शहराचा भाग असले, तरी १९४८ पर्यंत ते सांगली संस्थानात होते. बेळगाव इंग्रजी अमलात आणि त्याला लागून असलेले शहापूर पटवर्धनांच्या अमलात, अशी स्थिती होती. व्यापारी पेठ आणि विणकरांची वस्ती ही या गावाची जुनी ओळख. शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत आजही गल्लीतून जाताना मागाचा आवाज कानावर येतो. मराठीत ‘माग’, कन्नडमध्ये ‘मग्ग’. शब्दही एकमेकांना लागून आहेत. हातमागाच्या जागी बहुतेक ठिकाणी यंत्रमाग आले. पण काम घरातच राहिले. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार.

आता या घराला आपण काय म्हणायचे? माग घरचा, जागा घरची, श्रम घरचे. कोणी हजेरी घेत नाही, कोणी वरिष्ठ नाही, सकाळी किती वाजता सुरुवात करायची हे घरचा माणूसच ठरवतो. पाठ्यपुस्तकातील व्याख्येप्रमाणे हा एकमालकी व्यवसाय झाला. मात्र यांतील पुष्कळ घरांत व्यवहार असा चालतो : सूत व्यापारी देतो, नक्षी तोच सांगतो, विणलेली साडी त्याच्याकडेच जाते, आणि विणकराला नगामागे ठरलेली मजुरी मिळते. स्वतःच्या सुताने विणून स्वतः विकणारे विणकरही आहेत. परंतु मजुरीवर विणणाऱ्याची स्थिती हाच आपल्या विषयाचा गाभा आहे.

अर्थशास्त्राच्या इतिहासात रिचर्ड कँटिलॉन याचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते. त्याचा व्यापारावरील निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७५५ साली प्रसिद्ध झाला. उद्योजक कोण, याची त्याने दिलेली खूण साधी आहे : जो ठरलेल्या भावाने विकत घेतो आणि न ठरलेल्या भावाने विकतो, तो उद्योजक. बाकीचे ठरलेल्या मिळकतीवर जगणारे. पुढे १९२१ साली फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने हाच विचार अधिक पक्का केला. ज्या अनिश्चिततेचा आधी हिशोब करता येत नाही, ती जो अंगावर घेतो आणि इतरांना ठरलेल्या वेतनाची हमी देतो, त्याला नफा मिळण्याचा हक्क येतो, असे त्याचे म्हणणे.

या दोन कसोट्यांवर मजुरीवरचा विणकर घासून पाहावा. तो विकत काहीच घेत नाही आणि विकतही काही नाही. साडीचा बाजारभाव दुप्पट झाला तरी त्याची मजुरी आपोआप दुप्पट होत नाही. म्हणजे कँटिलॉनच्या अर्थाने तो उद्योजक नाही. मग तो नोकर आहे काय? नोकराला ठरलेली मिळकत असते. विणकराचा दर ठरलेला असतो, पण काम ठरलेले नसते. बाजारात साडी पडून राहिली की व्यापारी सूत देणे थांबवतो आणि माग उभा राहतो. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा हे सर्वांना स्पष्ट दिसले. ज्यांना महिन्याचा पगार होता त्यांच्यापैकी अनेकांना तो पूर्ण किंवा कापून का होईना मिळाला. मागवाल्याला पगार कापणाराही कोणी नव्हता. त्याच वर्षी कर्नाटक सरकारने ‘नेकार सन्मान’ योजना आणून हातमाग विणकरांना वर्षाला २,००० रुपये देऊ केले. मदत चांगलीच, पण माग बंद राहिलेल्या दिवसांची भरपाई त्यातून कशी व्हावी?

म्हणजे या माणसाकडे नोकराची निश्चिती नाही आणि मालकाची नफ्याची आशाही नाही. जोखीम मालकाची, मिळकत मजुराची. हे दोन्हींतले कमी चांगले भाग एकत्र येण्याचे कारण एकच आहे : माग त्याचा आहे, पण भाव त्याचा नाही.

निपाणीचे दोन दाखले

विणकराचे हे दुखणे एकट्या मागाचे नाही. आपल्याच जिल्ह्यातील निपाणीत त्याची दोन निराळी रूपे पाहायला मिळतात.

पहिले रूप तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे. म्हणीतील ‘उत्तम शेती’ती हीच. जमीन स्वतःची, बी स्वतःचे, कष्ट स्वतःचे. परंतु तंबाखू तयार झाल्यावर भाव सांगत असे तो व्यापारी. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो तंबाखू उत्पादक पुणे-बंगळूर महामार्गावर निपाणीजवळ ठाण मांडून बसले. ६ एप्रिल १९८१ रोजी तेथे गोळीबार झाला आणि शेतकरी मृत्युमुखी पडले. या आंदोलनाची मागणी जमिनीची नव्हती, कारण जमीन त्यांचीच होती. मागणी भावाची होती.

दुसरे रूप विडी वळणाऱ्या बायकांचे. विडी कामगार घरी बसूनच काम करते. पान आणि तंबाखू कारखानदाराकडून किंवा ठेकेदाराकडून येते, हजारामागे मजुरी ठरते आणि वळलेल्या विड्यांतून काही नापास करून बाजूला काढल्या जातात. बाहेरून पाहता विणकराच्या घरात आणि या घरात काहीच फरक नाही. कायद्याने मात्र फरक केला. १९६६ साली संसदेने विडी आणि सिगार कामगारांसाठी जो कायदा केला, त्यात मालकाने किंवा ठेकेदाराने कच्चा माल दिलेला असेल आणि काम घरी होत असेल, तरी ती व्यक्ती कामगारच, असे स्पष्ट म्हटले. कारखानदारांनी त्याला आव्हान दिले. परंतु १९७४ साली मंगळूरच्या गणेश बीडी वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. पुढे १९७६ साली विडी कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदाही झाला. अर्थात, कायदा झाला म्हणून सर्व काही हातात पडले असे नव्हे. त्यासाठी निपाणीच्या बायकांना संघटना बांधावी लागली आणि वर्षानुवर्षे झगडावे लागले. तरीही आपण कामगार आहोत असे म्हणण्याचा हक्क त्यांच्या पदरात होता.

येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. विडी वळायला सूप आणि कात्री पुरते. कारखानदाराने पानतंबाखू दिली की मालक कोण, हे उघड होते. विणकराने मात्र पोटाला चिमटा घेऊन, कर्ज काढून माग विकत घेतला. आणि माग त्याचा झाल्यामुळेच तो कागदोपत्री ‘मालक’ ठरला. जे हत्यार स्वातंत्र्यासाठी घेतले, त्यानेच त्याचे संरक्षण काढून घेतले.

कायद्याची नजर आता थोडी बदलते आहे, हेही सांगितले पाहिजे. १९६६ चा तो कायदा नव्या कामगार संहितांत सामावला गेला असून या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांपैकी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरी बसून दुसऱ्यासाठी माल तयार करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे. साधने किंवा कच्चा माल मालकाने दिलेला असो वा नसो, मोबदला घेऊन असे काम करणारा हा कामगारच, असा तिचा आशय आहे. म्हणजे माग कोणाचा हा प्रश्न या व्याख्येने मागे टाकला. परंतु व्याख्येत नाव येणे आणि हातात फंड येणे यांत बरेच अंतर आहे, आणि ते अंतर कापणे अजून बाकी आहे.

घरचा नफा खरोखर नफा आहे काय?

आता पाठ्यपुस्तकाकडे वळू. परिव्यय लेखांकनात आपण ‘संधी-परिव्यय’ शिकतो. परीक्षेत त्यावर टीप लिहितो आणि विसरतो. वस्तुतः नोकरी आणि धंदा यांची तुलना करायला याच्याइतके उपयोगी साधन नाही. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या घरचे आकडे त्या जागी घालावेत.

समजा, एका घरात दोन माग आहेत. महिन्याची एकूण मजुरी २४,००० रुपये. त्यातून विजेचे ३,००० आणि दुरुस्ती, सुटे भाग यांचे १,५०० वजा जाता १९,५०० रुपये उरतात. घरचा माणूस म्हणतो, ‘महिन्याला साडेएकोणीस हजार सुटतात. बारा हजारांची नोकरी कशाला करू?’ वरवर पाहता त्याचे म्हणणे बिनतोड आहे.

परंतु हा हिशोब अपुरा आहे. तो माणूस बाहेर काम करून १२,००० मिळवू शकत होता, ते मांडले पाहिजेत. त्याची पत्नी रोज पाच-सहा तास कांड्या भरते, तुटलेले धागे जोडते. तेवढ्या कामाला बाहेरचा माणूस ठेवला तर ५,००० द्यावे लागतील. मागाची खोली भाड्याने दिली असती तर २,००० आले असते. दोन मागांची किंमत १,२०,००० धरली आणि आयुष्य दहा वर्षे धरले, तर घसारा महिन्याला १,००० रुपये. त्याच रकमेवर दरसाल दहा टक्क्यांनी व्याज धरले, तर तेही महिन्याला १,००० रुपये. ही सर्व बेरीज २१,००० होते. हातात आले १९,५००. म्हणजे ज्याला आपण नफा समजत होतो, तो महिन्याला १,५०० रुपयांचा तोटा आहे.

यावर कोणी आक्षेप घेईल, आणि तो आक्षेप शास्त्राला धरूनच आहे. पत्नी बाहेर कामाला जाणारच नव्हती. लहान मूल आहे, सासूबाई आजारी आहेत. मग तिच्या श्रमाची संधी-किंमत शून्य धरली पाहिजे. ठीक आहे, ते ५,००० वगळू. आता १,५०० रुपयांच्या तोट्याच्या जागी ३,५०० रुपयांचा नफा दिसू लागतो. पण हा नफा आला कोठून? मागातून नव्हे, सुतातून नव्हे. तो त्या बाईच्या न मांडलेल्या मजुरीतून आला. ५,००० रुपयांचे काम घराला फुकट मिळाले, म्हणून घर ३,५०० रुपयांनी वर दिसते. वर सांगितलेल्या १९.४ टक्क्यांचा अर्थ येथे उलगडतो. ज्या घरात हा हिशोब कधी मांडला जात नाही, तेथे धंदा ‘फायद्यात’ असतो आणि त्या फायद्याची किंमत कोण मोजते आहे, हे वहीत कोठेच दिसत नाही.

याचा अर्थ असा धंदा बंद करावा असा नव्हे. घर सोडून जाता येत नाही अशा माणसाला घरात काम मिळणे, ही लहान गोष्ट नाही. परंतु मुलाने नोकरी करावी की माग चालवावा, हे ठरवताना आईच्या कामाचा आकडा वहीत लिहिलाच पाहिजे. निदान ती काय देते आहे, हे तरी घराला कळेल.

नोकरीचा हिशोबही तितकाच कडक हवा

जो न्याय धंद्याला, तोच नोकरीला. पगाराच्या आकड्यात काही गोष्टी दिसत नाहीत. त्या मिळवाव्या लागतात. नियमित नोकरीत कामगाराच्या वेतनातून भविष्यनिर्वाह निधीसाठी सामान्यतः १२ टक्के कापतात आणि तेवढाच वाटा मालक घालतो. मालकाच्या वाट्यातील ठरावीक भाग १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेकडे जातो. राज्य कामगार विम्यासाठी १ जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के आहे. भरपगारी रजा, आजारपणातील उपचार, उपदान हे वेगळेच. म्हणून बारा हजारांची नोकरी ही वस्तुतः बारा हजारांपेक्षा अधिक असते.

पण हे केव्हा? नोकरी खरोखरच नोकरी असेल तेव्हा. आज कारखान्याच्या दारातून आत जाणारे सर्वच कारखान्याचे कामगार नसतात. पुष्कळ जण ठेकेदाराचे असतात. ठेका बदलला की नोकरी गेली, आणि फंड कोणाच्या खात्यावर भरला याचा शोध ज्याचा त्याने घ्यायचा. विणकर हा नावाचा मालक, तसा हा नावाचा नोकर. शिवाय नोकरीतून जाण्यायेण्याचा खर्च, रूढ आठ तासांपलीकडचे तास आणि परगावी राहावे लागले तर खोलीभाडे वजा केले पाहिजे. पुण्याला किंवा बंगळूरला पंचवीस हजार मिळतात असे सांगणाऱ्या मित्राला, महिनाअखेर घरी किती पाठवतोस, हे विचारल्याशिवाय तुलना पुरी होत नाही.

बेळगावच्या सायकल दुकानाचा धडा

मग खरा स्वयंरोजगार कसा असतो? त्याचे उदाहरण बेळगावनेच देशाला दिले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान निघाले, आणि ते सांभाळले बंधू रामचंद्रराव ऊर्फ रामुअण्णा यांनी. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामुअण्णा त्या येथे विकत, लोकांना चालवायलाही शिकवीत. बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर हा त्यांचा माल झाला.

ही कथा नोकरीवर लाथ मारून मोठा झालेला माणूस अशा थाटात नेहमी सांगितली जाते. हिशोबाच्या दृष्टीने पाहिले तर तिच्यातील दुसरी बाजू अधिक मोलाची आहे. एक भाऊ पगारावर असताना दुसऱ्याने दुकान चालवले. म्हणजे नोकरी ही धंद्याची शत्रू नव्हती, ती धंद्याचा आधार होती. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी तेव्हा समजूत होती आणि पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. ही दोन वर्षे निभावून नेण्याची ताकद ज्याच्याकडे नाही, त्याचा माल चांगला असूनही तो बुडतो. बेळगावातील जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणजे जोखीम खरी होती, तोटा त्यांचा होता. परंतु मालही त्यांचा होता, भावही त्यांचा होता आणि गिऱ्हाईक एक नसून अनेक होते. मजुरीवरचा विणकर आणि किर्लोस्कर यांत फरक भांडवलाचा तर आहेच, पण त्याहून मोठा फरक हा आहे.

एकट्याने नाही जमले तर

भाव आपल्या हातात आणायला प्रत्येकानेच किर्लोस्कर झाले पाहिजे असे नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोच लिज्जत पापड. तेथेही बहिणी पापड घरी नेऊन लाटतात आणि वजनाप्रमाणे मजुरी घेतात. बाह्य स्वरूप विडीसारखेच. पण संस्था लाटणाऱ्यांचीच असल्यामुळे नफा-तोटा त्यांचा आणि भाव ठरवणाऱ्याही त्याच. अहमदाबादला इला भट्ट यांनी १९७२ साली स्वयंरोजगारी स्त्रियांची ‘सेवा’ ही संघटना नोंदवायला नेली, तेव्हा प्रश्न विचारला गेला की, यांना मालकच नाही, मग संघटना कोणाविरुद्ध? उत्तर असे की, संघटना कोणाविरुद्ध असावी लागत नाही, ती कोणासाठी तरी असावी लागते. संघटना नोंदली गेली. आपल्याकडील विणकरांच्या सहकारी संस्थांचा मूळ हेतूही हाच : सूत एकत्र घ्यावे, माल एकत्र विकावा, भाव एकट्याने ऐकून घेऊ नये. संस्था नीट चालते की नाही, हे मात्र सभासद वार्षिक सभेत ताळेबंद वाचतात की नुसता चहा पिऊन येतात, यावर अवलंबून असते. येथे वाणिज्याच्या विद्यार्थ्याला पुष्कळ काम आहे.

पाच प्रश्न

या सर्व विवेचनातून जी कसोटी निघते ती पाच प्रश्नांत मांडता येईल. समोर आलेले काम नोकरी म्हणून आले असो की धंदा म्हणून, हेच प्रश्न विचारावेत.

१) कच्चा माल कोण विकत घेतो?
२) भाव कोण ठरवतो?
३) गिऱ्हाईक एक आहे की अनेक?
४) काम थांबले किंवा माल पडून राहिला, तर तोटा कोण सोसतो?
५) आजारपण आणि म्हातारपण यांची तरतूद कोण करतो?

चौथ्या आणि पाचव्या प्रश्नाचे उत्तर ‘मी’ असेल आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘तो’ असेल, तर त्या कामाला कोणतेही भारदस्त नाव दिले तरी सौदा तोट्याचा आहे. दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या अशा तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘मी’ असेल, तर तो खरा धंदा. त्याला हिंमत, गाठीला निदान वर्षभराचा खर्च आणि चोख वही लागते. तिन्हींचे उत्तर ‘तो’ असेल, तर ती खरी नोकरी. तिच्यात नफा नाही, पण झोप आहे, आणि झोपेलाही किंमत असते. या दोन्ही मार्गांत कमीपणा काहीच नाही. कमीपणा असेल तर तो न विचारता सही करण्यात आहे.

ज्यांना धंद्यात उतरायचे आहे त्यांच्यासाठी भांडवलाची वाट पूर्वीइतकी बंद नाही. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत, ‘किशोर’मध्ये ५ लाखांपर्यंत आणि ‘तरुण’मध्ये १० लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे. त्याच वर्षीच्या अटल पेन्शन योजनेत, प्राप्तिकर भरत नसलेल्या १८ ते ४० वयाच्या माणसाला वर्गणी भरून साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपये निवृत्तिवेतनाची सोय करता येते. पाचव्या प्रश्नाचे उत्तर ‘मी’ असेल, तर त्याची सुरुवात विसाव्या वर्षीच झालेली बरी. चाळिशीत ती महाग पडते.

शेवटी आपल्याजवळच्या एका भांडवलाचा उल्लेख केला पाहिजे. मराठी माध्यमातून शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांना वाटते की, कर्नाटकात नोकरीचा अर्ज लिहिताना आपण मागे पडतो. कन्नड लिहिता-वाचता आल्याशिवाय राज्य सरकारी नोकरीचे दार उघडत नाही, हे खरेच आहे. ते शिकून घेण्याला पर्याय नाही. परंतु शहापूरच्या पेठेत उभे राहून पाहावे. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याशी मराठीत आणि हुबळीच्या व्यापाऱ्याशी कन्नडमध्ये, एकाच मालाचे दोन भाव जो विचारू शकतो, त्याला भाव दुसऱ्याकडून ऐकून घ्यावा लागत नाही. विणकराचे सारे दुखणे एकाच गिऱ्हाइकाशी बांधले जाण्यात आहे. दोन भाषा म्हणजे निदान दोन बाजार.

परीक्षा संपल्यावर, अर्ज लिहिण्यापूर्वी किंवा कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी, प्रत्येकाने आपल्या घरच्या धंद्याचा एक महिन्याचा हिशोब वर सांगितल्याप्रमाणे मांडावा. आईच्या कामाचे तासही त्यात लिहावेत. ते गणित परीक्षेला येणार नाही, पण त्याचे उत्तर पुढची चाळीस वर्षे उपयोगी पडेल.